आधी कान, मग पाय, शेवटी पाकीट: नॉर्दर्न सोलकडे नव्याने येणाऱ्यांसाठी

१९६५ च्या आसपास डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिस या शहरांत कृष्णवर्णीय गायकांच्या सात इंची तबकड्यांचा नुसता पूर आला होता. मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीची गाणी जगभर गाजत होती, तेव्हा गल्लीबोळातल्या छोट्या कंपन्यांनीही तोच ठेका धरला. त्यांतल्या बहुतेक तबकड्या चालल्या नाहीत. रेडिओवर वाजल्या नाहीत, दुकानांतून परत आल्या आणि गोदामांत धूळ खात पडल्या. पुढे काही वर्षांनी इंग्लंडच्या उत्तरेतल्या गिरण्या, कोळशाच्या खाणी आणि कारखान्यांच्या गावांतली पोरंपोरी याच पडेल तबकड्यांवर रात्रभर नाचू लागली. त्यातून जे उभं राहिलं ते नॉर्दर्न सोल: सोल हे या कृष्णवर्णीय गायकांच्या संगीताचं नाव, नॉर्दर्न म्हणजे उत्तरेचं. गाणी अमेरिकेची, पण त्यांना जीव लावला तो लँकशायर, यॉर्कशायर, स्टॅफर्डशायरच्या माणसांनी. हे नाव मात्र लंडनमध्ये पडलं. कॉव्हेंट गार्डनमध्ये डेव्ह गॉडिन या पत्रकाराचं रेकॉर्डचं दुकान होतं. फुटबॉलच्या सामन्यांसाठी उत्तरेतून येणारी मंडळी तिथे जुन्या वेगवान तबकड्या मागायची. त्यांच्यासाठी काय बाजूला काढून ठेवायचं हे नोकरांना कळावं म्हणून गॉडिनने हे नाव काढलं आणि १९७० मध्ये ते छापून आणलं.

मी मँचेस्टरजवळ राहते. शिकायला किंवा नोकरीला इकडे आलेली मराठी मुलंमुली मला या नाचाबद्दल विचारतात, आणि पुण्या-मुंबईचे तबकड्या जमवणारे मित्र या गाण्यांच्या किमती ऐकून हबकतात. दोघांनाही मी एकच क्रम सांगते: आधी कान तयार करा, मग पाय मोकळे करा, पाकीट सगळ्यात शेवटी उघडा. हा क्रम उलटा केलेली माणसं बहुधा वर्षभरात कंटाळतात.

पायरी १: महिनाभर फक्त ऐका

काय ऐकायचं हे आधी समजून घ्या. ठेका जलद असतो आणि पुष्कळदा चारही मात्रांवर सारखाच जोर पडतो, त्यामुळे पाय आपोआप हलतात. वर ब्रास म्हणजे पितळी वाद्यं, व्हायोलिनं, मागे साथीचे आवाज, कधी व्हायब्राफोनची किणकिण. आणि या सगळ्या धावपळीत गाणारा मात्र बहुतेक वेळा दुःखात असतो: प्रेम गेलंय, माणूस परत येत नाही, वेळ निसटतोय. नाचायला लावणारा ठेका आणि कळवळून गाणारा गळा, हे दोन्ही एकाच वेळी कानांत शिरलं पाहिजे. नुसता वेग ऐकाल तर अर्धंच हाती लागेल.

सुरुवात ग्लोरिया जोन्सच्या ‘टेंटेड लव्ह’पासून करा. हे गाणं बहुतेकांना सॉफ्ट सेल या जोडगोळीच्या १९८१ च्या गाजलेल्या आवृत्तीमुळे माहीत असतं. मूळ तबकडी १९६५ ची, तीही दुसऱ्या एका गाण्याच्या मागच्या बाजूला दडलेली. सॉफ्ट सेलने लय उतरवली आणि सगळं सिंथेसायझरवर वाजवलं. मूळ गाणं त्याहून बरंच जलद आहे, त्यात ब्रास खणखणतो आणि जोन्स जवळजवळ पळत पळत गाते. दोन्ही लागोपाठ तीन-चार वेळा ऐका. नॉर्दर्न सोलच्या माणसाला मूळ तबकडीत काय सापडलं, हे कुठल्याही व्याख्येपेक्षा त्यातून लवकर कळेल.

त्यानंतर ‘थ्री बिफोर एट’ ऐका. विगन कसिनो या क्लबात रात्रभराच्या नाचानंतर सकाळी आठला दारं बंद व्हायची, आणि त्याआधी ठरलेली तीन गाणी लागायची: टोबी लेजंडचं ‘टाइम विल पास यू बाय’, जिमी रॅडक्लिफचं ‘लाँग आफ्टर टुनाइट इज ऑल ओव्हर’ आणि डीन पॅरिशचं ‘आय अ‍ॅम ऑन माय वे’. पन्नास वर्षांनंतरही हॉलमध्ये यांतलं एखादं लागलं की कडेला बसलेली माणसं उठून उभी राहतात. ही तिन्ही ओळखता आली पाहिजेत.

पुढचं ऐकायला केंट या ब्रिटिश लेबलचे, म्हणजे तबकड्या ज्या नावाने निघतात त्या नावाचे, संग्रह घ्या. एस रेकॉर्ड्स ही कंपनी १९८२ पासून ते काढते. गाणी रीतसर परवानगीने घेतलेली असतात आणि सोबतच्या पुस्तिकेत गायक, स्टुडिओ, वादक यांची खरी माहिती असते. इंटरनेटवर फुकटात सगळं ऐकायला मिळतं हे खरं, पण तिथे नावं, सालं आणि लेबलं यांचा गोंधळ फार. एक छोटी वही ठेवा आणि आवडलेल्या प्रत्येक गाण्यापुढे गायक, लेबल आणि लेबलवरचा क्रमांक लिहा. पुढे खरेदीच्या वेळी ही वहीच कामाला येते.

पायरी २: थोडा इतिहास, कारण त्याशिवाय जाहिरात वाचता येत नाही

मँचेस्टरचा ट्विस्टेड व्हील हा क्लब १९६३ मध्ये सुरू झाला आणि १९७१ मध्ये बंद पडला. रात्रभर सोल वाजवायची पद्धत तिथे रुजली. मग स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या टन्स्टलचा गोल्डन टॉर्च थोडाच काळ चालला, पण त्याच्या मंचावर १९७२ मध्ये शिकागोच्या मेजर लान्सने गायलेला कार्यक्रम ध्वनिमुद्रित होऊन राहिला. २३ सप्टेंबर १९७३ रोजी विगन कसिनोचं पहिलं ऑलनाइटर, म्हणजे रात्रभराचा नाच, झालं आणि डिसेंबर १९८१ मध्ये शेवटचं. नाव कसिनो असलं तरी तिथे जुगार नव्हता. तो एक जुना बॉलरूम होता, मोठी लाकडी जमीन आणि वर गॅलरी. दारूही मिळत नसे. आठवडाभर पाळ्या करून आलेली पोरं शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर आत शिरायची आणि रविवारी सकाळी बाहेर पडायची. ज्यांच्या घरात गिरणीची पाळी होती त्या मराठी वाचकांना ही शनिवार रात्रीची भूक वेगळी समजावून सांगायला नको.

त्याच काळात ब्लॅकपूल मेका या दुसऱ्या ठिकाणी इयन लेव्हिन आणि कॉलिन कर्टिस हे डीजे साठच्या दशकातल्या गाण्यांसोबत सत्तरच्या दशकातलं नवं अमेरिकी संगीतही वाजवू लागले. यावरून मोठा वाद पेटला आणि माणसं दोन गटांत विभागली गेली. तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही, फक्त त्याला खोल्या मिळाल्यात. म्हणून जाहिरातीत मोठ्या हॉलसमोर ‘सिक्स्टीज’ किंवा ‘ओल्डीज’ आणि छोट्या खोलीसमोर ‘मॉडर्न’, ‘क्रॉसओव्हर’ असं लिहिलेलं दिसतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने ‘ओल्डीज’चीच रात्र निवडावी. तिथे तुम्ही ऐकलेली गाणी वाजतील आणि गाण्यात कुठल्या जागी नाचणारे काय करतात ते दिसेल. ‘रेअर’ असं लिहिलेल्या रात्री उत्तम असतात, पण तिथे ओळखीचं एकही गाणं न लागता चार तास जाऊ शकतात.

आणि एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. मोटाउनचे वादक रात्री घरखर्च भागवायला गुपचूप बाहेरच्या स्टुडिओतही वाजवत. डेट्रॉइटच्या रिक-टिक, गोल्डन वर्ल्ड या लेबलांच्या तबकड्या इतक्या कसदार आहेत त्याचं हे एक कारण. म्हणजे ‘पडेल’ तबकड्या वाईट होत्या म्हणून पडल्या नाहीत. जाहिरातीला पैसा नव्हता, रेडिओपर्यंत पोच नव्हती, आणि सत्तरचं दशक उजाडेपर्यंत अमेरिकेची आवड फंक या नव्या संगीतप्रकाराकडे वळली होती. इंग्लंडच्या उत्तरेला मात्र तोच जुना ठेका हवा होता. तसं नवं काही तयार होत नव्हतं, म्हणून न ऐकलेलं जुनं खणून काढणं हाच एक मार्ग उरला. दुर्मीळतेचं वेड त्यातून आलं.

पायरी ३: पहिल्या रात्रीची तयारी

ऑलनाइटर म्हणजे पहाटेपर्यंत किंवा सकाळपर्यंत. सोल नाइट म्हणजे बहुधा संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्री किंवा थोडी नंतर संपणारी. ऑलडेअर दिवसाढवळ्या. वीकेंडर दोन-तीन दिवसांचा, बहुतेकदा समुद्रकिनारी. पहिल्यांदा सोल नाइटलाच जा. उत्तरेत छोट्या गावांतल्या कामगार क्लबांत आणि चर्चच्या हॉलमध्ये त्या होत असतात, तिकीट परवडतं आणि वातावरण घरगुती असतं. मग सवडीने लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या १०० क्लबातलं ऑलनाइटर गाठा. जमिनीखालचा, ठेंगण्या छताचा हा क्लब आहे आणि तिथली ही परंपरा चाळीस वर्षांहून जुनी आहे.

परतीची सोय आधी बघा. शनिवारची शेवटची गाडी लवकर जाते आणि रविवारी सकाळची पहिली गाडी उशिरा येते. मधल्या वेळात थंडीत फलाटावर बसण्याची पाळी येऊ नये.

पिशवीत काय न्यायचं? टॉवेल, बदलायचा शर्ट, पाण्याची बाटली, वेगळे बूट. सत्तरच्या दशकातल्या छायाचित्रांत नाचणाऱ्यांच्या हातात दिसणारी, कापडी बिल्ले शिवलेली ती बॅग मिरवायला नव्हती. घाम इतका यायचा की कपडे बदलावेच लागत. आजही लागतात. बिल्ल्यांवरची वळलेली मूठ अमेरिकेतल्या ब्लॅक पॉवर चळवळीतून आलेली आहे, हे ती छातीवर लावण्याआधी माहीत असू द्या. कपडे सैल हवेत. घेरदार पँट किंवा घेरदार लांब स्कर्ट शोभेसाठी नसतो, गिरकीत पाय अडकू नये म्हणून असतो. जीन्स घालून आलात तरी कोणी हटकणार नाही, फक्त तासाभरात तुम्हालाच जाच होईल. बुटांचा तळ चामड्याचा आणि गुळगुळीत हवा. रबरी तळ लाकडाला चिकटतो, अंग वळतं आणि पाय तिथेच राहतो. गुडघ्याच्या दुखण्याची ती सुरुवात असते.

जुनी मंडळी जमिनीवर टाल्कम पावडर शिंपडतात. अनेक हॉलमध्ये आता त्याला मनाई आहे, तेव्हा आपल्या मनाने डबा उघडू नका.

जुन्या आठवणी वाचताना गोळ्यांचा उल्लेख वारंवार येईल. रात्रभर जागायला तेव्हा बरीच मुलं अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक घेत, पोलिसांचे छापे पडत आणि काहींची आयुष्यं त्यात गेली. त्यात रमणीय काही नाही. दुपारी दोन तास झोप, जाण्याआधी नीट जेवण आणि मध्ये बसून घेणं एवढं पुरतं.

मुली विचारतात, एकटीने जावं का? जावं. या नाचात जोडीदार लागत नाही आणि एकटं नाचणं हीच इथली रीत आहे, त्यामुळे एकटं येणाऱ्या बाईकडे कोणी वळून बघत नाही. बरेच जण साठी उलटलेले असतात. तरुण चेहरा दिसला की त्यांना मनापासून आनंद होतो, आणि चहा-बिस्किटांसोबत कसिनोतल्या गोष्टी ऐकायला मिळतात. विचारा आणि ऐकून घ्या. ही माणसं आहेत तोवरच त्या गोष्टी पहिल्या हाताने मिळणार आहेत.

पायरी ४: जमिनीवर

आधी नियम, कारण ते कुठे लिहिलेले नसतात. नाचाच्या जागेवर पेला घेऊन जायचं नाही. सांडलेल्या थेंबावरून कोणी तरी घसरतं आणि मनगट मोडतं. जागा ओलांडायची असेल तर मधून चालत जाऊ नका, कडेने जा. फोन खिशात. डीजे गाणं वाजवत असताना फर्माईश करू नका. तो गाणी एकात एक मिसळत नाही, प्रत्येक तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवतो. एखादं जबरदस्त गाणं संपलं की टाळ्या पडतात. त्या तबकडीसाठी असतात, मोकळ्या मनाने द्या.

नाच मात्र वाटतो तितका अवघड नाही. वारीतल्या पावलीत जसा प्रत्येक जण आपल्यापुरता नाचतो आणि तरी सगळी रांग एका ठेक्यात हलते, तसं इथे आहे. वजन चवड्यांवर ठेवा, टाचा अलगद. उजवा पाय बाजूला सरकवा, डावा त्याच्याकडे ओढून घ्या, मग उलट. सरकवा म्हणजे खरंच सरकवा, उचलून टाकू नका. चामड्याचा तळ लाकडावर घासल्याचा बारीक आवाज यायला हवा. तो ठेक्यात येऊ लागला की पाय बरोबर पडतायत. खांदे सैल सोडा, हात कमरेच्या आसपास. नजर खाली नको. घरी फरशीवर मोजे घालून रोज दहा मिनिटं हे केलंत तर महिन्याभरात अंगात भिनेल.

टाळी ही वेगळी गंमत आहे. काही गाण्यांत ठरावीक जागी सबंध हॉल एकदम एकच टाळी देतो, हवेत फटाका फुटल्यासारखी. ती जागा मोजून सापडत नाही. गाणं पाठ असलं तरच हात तिथे जातो. पायरी १ वर महिना का घालवायचा, ते त्या क्षणी कळतं.

गिरकी नंतर. सुरुवातीला एकच पूर्ण फेरी घ्या: वजन एका चवड्यावर, हात छातीशी आखडून, नजर एका खुणेवर. हात पसरले की वेग मरतो. उंच लाथा आणि मागे हातांवर पडून झटक्यात उठणं, ज्याला बॅकड्रॉप म्हणतात, हे जुन्या चित्रफितींत बघून तोंडात बोटं जातात. ते मोकळ्या जागेत, कोणाकडून तरी शिकून, आणि मनगटं व गुडघे धड असतील तरच. कसिनोतही ते सगळ्यांना येत नव्हतं. साधं सरकणं ठेक्यात जमलेला माणूस चुकलेल्या कसरतींपेक्षा कितीतरी देखणा दिसतो.

पायरी ५: आता पाकीट

आधी एक किस्सा, किमतींचा अंदाज यावा म्हणून. फ्रँक विल्सन हा मोटाउनचा निर्माता. १९६५ मध्ये त्याने ‘डू आय लव्ह यू’ हे गाणं गायलं आणि मोटाउनच्याच सोल या लेबलवर त्याच्या थोड्या नमुना प्रती निघाल्या. गाणं बाजारात आलंच नाही, प्रती नष्ट केल्या गेल्या आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वाचल्या. विगन कसिनोत ते वाजू लागलं तेव्हा गायकाचं नाव मुद्दाम ‘एडी फॉस्टर’ असं सांगितलं जाई. २००९ मध्ये एक प्रत २५ हजार पौंडांच्या वर गेली आणि २०२० मध्ये एक लाख पौंडांना विकली गेली.

खोट्या नावाच्या या प्रकाराला ‘कव्हर अप’ म्हणतात. डीजे लेबलवर कोरा कागद चिकटवून भलतंच नाव सांगायचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला ती तबकडी शोधता येऊ नये आणि नकली प्रती छापणाऱ्यांनाही तिचा पत्ता लागू नये. सत्तरच्या दशकात बनावट प्रती धडाधड छापल्या जात होत्या. त्यांतल्या कित्येक आजही बाजारात फिरतायत आणि जुन्या झाल्यामुळे खऱ्या वाटतात. म्हणून खरेदीआधी इतकं बघा:

अमेरिकी तबकडीचं भोक मोठं असतं. ब्रिटिश तबकडीचं बहुधा छोटं, किंवा मधला तुकडा काढता येणारं. मोठ्या भोकासाठी तुमच्या प्लेअरला अडॅप्टर लागेल, तो आधी घ्या.

लेबलभोवतीचा गुळगुळीत पट्टा दिव्याखाली तिरका धरून वाचा. तिथे क्रमांक कोरलेला असतो, कधी कारखान्याचा ठसाही. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याचा ठसा म्हणजे वर्तुळात एमआर ही अक्षरं आणि शेजारी त्रिकोणासोबत एक आकडा. मिशिगनमधल्या ओवोसोच्या कारखान्याचा ठसा एआरपी. तुमच्या तबकडीवर काय असायला हवं ते संग्राहकांच्या याद्यांत सापडतं, ते जुळवून बघा. नुसता हाताने कोरलेला आकडा दिसला म्हणून ती बनावट ठरत नाही. पुष्कळ अस्सल तबकड्यांवरही तसाच असतो.

साठच्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकी तबकड्या व्हिनाइलच्या नाहीत, स्टायरीन या दुसऱ्या प्लास्टिकच्या आहेत. त्या कडक असतात, लेबल वरून चिकटवलेलं असतं आणि सुईने लवकर झिजतात. दिसायला चकचकीत पण वाजवल्यावर खरखर, असा अनुभव यांच्याच बाबतीत येतो. आपल्याकडच्या जुन्या प्लेअरची जड सुई त्यांवर कधीही ठेवू नका. शंकूच्या टोकाची सुई आणि हलका दाब वापरा.

विक्रेत्यांच्या भाषेत मिंट म्हणजे नवीकोरी, मग एक्सलंट किंवा व्हीजी (‘व्हेरी गुड’) प्लस, मग व्हीजी, आणि जी म्हणजे ‘गुड’ असूनही बहुधा ऐकवत नाही. सुरुवातीला व्हीजी घ्यायला काही हरकत नाही. लेबलवर कोणी पेनने नाव लिहिलेलं असेल तर किंमत उतरते आणि आवाजाला काही होत नाही. अशा तबकड्या मी आनंदाने घेते.

पहिल्या पाच-सहा तबकड्या कोणत्या? इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकात पुन्हा छापलेल्या. नॉर्दर्न सोलची मागणी बघून ब्रिटिश कंपन्यांनी जुनी गाणी पुन्हा काढली, काही तर लोकप्रियतेच्या यादीत चढली. आर. डीन टेलरचं ‘देअर इज अ घोस्ट इन माय हाउस’ १९७४ मध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. इतक्या खपलेल्या प्रती आजही सहज आणि स्वस्तात मिळतात. त्या पन्नास वर्षं जुन्या आहेत, परवानगीने छापलेल्या आहेत आणि याच चळवळीचा भाग आहेत.

मूळ प्रतच वाजवायची की पुनर्मुद्रणही चालेल, यावर तुम्हाला दोन्ही बाजूंचे उपदेश ऐकावे लागतील. माझं मत असं: हॉलमध्ये पैसे घेऊन वाजवणाऱ्या डीजेने मूळ प्रत आणावी, ती शोधण्याचे कष्ट हेच त्याचं काम आहे. घरी ऐकणाऱ्याने परवानगीने काढलेलं पुनर्मुद्रण घ्यावं आणि त्यात अजिबात कमीपणा मानू नये. बनावट प्रत मात्र नको, कितीही स्वस्त असली तरी. या गायकांना त्यांच्या उमेदीच्या काळात जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही. आपलं गाणं समुद्रापलीकडे कुणाच्या तरी लग्नात वाजतंय हे कित्येकांना दशकांनंतर कळलं. रीतसर काढलेल्या प्रतीतून त्यांच्यापर्यंत किंवा त्यांच्या मुलांपर्यंत काही पोचण्याची शक्यता तरी असते.

भारतात मागवणार असाल तर दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधायला सांगा आणि टपाल व आयातशुल्क धरूनच किंमत मोजा, नाहीतर पाच पौंडांची तबकडी अंगावर येते. एकदम पाच-सहा मागवलेल्या परवडतात. पावसाळ्यात कागदी पाकिटाला बुरशी लागते आणि ती तबकडीच्या खाचांत उतरते, तेव्हा आत प्लास्टिकचं पाकीट घाला, उभी ठेवा आणि कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा.

इंग्लंडात असाल तर हॉलच्या कोपऱ्यात खोकी मांडून बसलेले विक्रेते शोधा. बऱ्याच जणांकडे छोटा प्लेअर आणि हेडफोन असतो, वाजवून दाखवा म्हटलं की लगेच दाखवतात. वही सोबत ठेवा. आणि रात्री एखादं अनोळखी गाणं काळजात घुसलं, तर डीजेची पाळी संपल्यावर त्याला गाठा आणि नाव विचारा. आता कोणी कागद चिकटवून लपवत नाही, निदान बहुतेक जण तरी. तो तबकडी पाकिटातून काढून तुमच्यासमोर धरेल. लेबल आणि क्रमांक लिहून घ्या, आणि शक्य असेल तर तो गुळगुळीत पट्टाही तिथेच वाचून घ्या.